जगायला की शिकायला? बर्लिनला गेलेल्या एका भाच्याचं प्रकरण

आमच्याकडे गाव सोडणाऱ्या माणसाबद्दल एकच शब्द वापरतात. 'जगायला गेला.' दसरा झाला की बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या मुकादमाची उचल घेऊन कारखान्यावर जातात, त्या जगायला जातात. औशाकडचं एखादं कुटुंब पुण्यात वॉचमनकीला जातं, तेही जगायलाच. २०२३ च्या दिवाळीत माझ्या भाच्यानं बर्लिनच्या कंपनीचं पत्र घरात दाखवलं, तेव्हा दाजींनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, तंबाखू मळता मळता विचारलं, "जगायला जायलास का शिकायला?"

भाच्याला तेव्हा उत्तर देता आलं नाही. मी लातूरच्या एका तंत्रनिकेतनात संगणक शिकवतो. वीस वर्षांत माझ्या हाताखालून गेलेली पोरं पुणे, बंगळूर, डॅलस, टोरांटो, म्युनिक अशी पसरली आहेत. त्यांचे आईबाप रस्त्यात भेटले की एकच गोष्ट सांगतात, पॅकेजचा आकडा. पोरगं का गेलं, हे कोणी विचारत नाही, कारण ते पैशासाठीच गेलं हे सगळ्यांनी धरून चाललेलं असतं. मला हे खटकतं. म्हणून भाच्याची परवानगी घेऊन त्याचं प्रकरण हिशेबासकट लिहायला घेतलं आहे. गावाचं आणि कंपन्यांची नावं लिहीत नाही, त्यांची गरजही नाही.

घर

औसा तालुक्यात सात एकर कोरडवाहू. सोयाबीन आणि तूर. विहीर आहे, तिला जानेवारीपर्यंत पाणी. दाजींनी १९९३ चा किल्लारीचा भूकंप ऐन पंचविशीत पाहिला. "जमीन हलते ते बघितलंय आम्ही," हे त्यांचं वाक्य घरात कुठल्याही व्यवहाराच्या वेळी निघतं, मग तो ट्रॅक्टरचा असो की सोयरिकीचा.

भाचा लातूरला माझ्याकडे राहून शिकला. त्याची बारावी २०१६ ची. त्या वर्षी शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागू केली होती आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे आली. आमच्या गल्लीत टँकर आठ-दहा दिवसांनी यायचा. रात्री दोनला आला तर दोनला उठायचं, घागरी भरायच्या आणि परत सीईटीच्या गणितांना बसायचं. त्या उन्हाळ्याबद्दल तो फारसं बोलत नाही. पण टँकर कधी येणार हे नक्की माहीत नसणं त्याच्या मनात किती खोल गेलं होतं, ते मला फार पुढे कळलं.

नांदेडला विष्णुपुरीच्या श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी संस्थेत त्याला संगणकशास्त्र मिळालं. २०२० ला पदवी झाली, पण करोनामुळे कंपनीनं रुजू करून घ्यायला जानेवारी २०२१ उजाडवला.

तिकिटांची वर्षं

पहिला पगार वर्षाला ३ लाख ३६ हजार. मोठी सर्व्हिस कंपनी, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांची सॉफ्टवेअरची कामं करून देणारी. दोन महिने बेंच, म्हणजे काम नाही नुसता पगार, नंतर एका परदेशी विमा कंपनीच्या जुन्या प्रणालीचा सपोर्ट. घरून काम असल्यामुळे सुरुवातीचे अकरा महिने तो गावातच होता. वीज गेली की इन्व्हर्टर, नेटवर्क गेलं की माळवदावर. गावात बसून जगाचं काम करता येतं असं तेव्हा सगळेच बोलत होते आणि अक्काला, म्हणजे त्याच्या आईला, तर पोरगं जेवायला घरी आहे याचाच आनंद होता. पण तो दिवसभर काय करायचा, ते मी शेजारी बसून पाहिलं आहे. एक तिकीट, म्हणजे बिघाडाची नोंद, यायचं, त्यातली चूक दुरुस्त करायची, तिकीट बंद करायचं, पुढचं उघडायचं. ती चूक मुळात का झाली, प्रणाली अशी का बांधली, हे विचारायला समोर कोणी नव्हतं. अकरा महिन्यांत तो जे शिकला, ते नांदेडच्या वसतिगृहात एका सत्रात शिकला असता.

२०२२ च्या जुलैत त्यानं नोकरी बदलली. पगार ९ लाख, पुण्यात राहणं, ऑफिस खराडीत. हे काम खरंच चांगलं होतं. ऑनलाइन विक्री करणाऱ्या एका युरोपीय कंपनीचं ते पुण्यातलं कार्यालय. डेटाबेसचा, म्हणजे माहितीच्या साठ्याचा, वेग वाढवणं हे त्याचं क्षेत्र ठरलं आणि त्यात त्याचा हात बसला. रोज दुपारी बर्लिनच्या टीमबरोबर कॉल असायचा.

त्या कॉलविषयी त्यानं सांगितलेली एक गोष्ट या प्रकरणात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. एकदा त्यानं तीन आठवडे खपून साठवणुकीची एक नवी रचना मांडली. कॉलवर सगळ्यांनी ऐकून घेतलं, कौतुकही केलं. दुसऱ्या दिवशी कळलं की वेगळीच रचना ठरली आहे. ती कॉल संपल्यावर तिथल्या चौघांनी कॉफी पिताना फळ्यावर काढली होती. कोणी त्याला मुद्दाम डावललं नव्हतं. तो त्या फळ्यापाशी नव्हता, एवढंच. "मामा, ठरून गेल्यावर आमच्याकडं तिकीट येतं," तो म्हणाला. त्या रात्री त्यानं पहिल्यांदा बर्लिनच्या नोकऱ्या शोधल्या.

पुणं त्यानं वाईट ठरवलं नाही, हेही नोंदवायला हवं. नव्या घडणीचं काम पुण्यात आता वाढतं आहे. फक्त त्याच्या वाट्याला जे काम आलं, त्याचा फळा दुसऱ्या शहरात होता.

सोडत

जायचंच तर अमेरिकेला का नाही, हा प्रश्न मीच त्याला विचारला होता. आमच्या पिढीला परदेश म्हणजे अमेरिका. सर्व्हिस कंपन्यांत 'ऑनसाइट पाठवू', म्हणजे परदेशातल्या ग्राहकाकडे पाठवू, या एका वाक्यावर माणसं पाच-पाच वर्षं टिकून राहिली, हे मी पाहिलं आहे. पगारात बर्लिन अमेरिकेच्या जवळपासही येत नाही.

पण भाच्यासमोर त्याच्या वसतिगृहातल्या खोलीच्या जोडीदाराचं उदाहरण होतं. तो मुलगा २०२१ ला ३८ लाखांचं कर्ज काढून टेक्सासला एमएस करायला गेला. शिक्षण उत्तम झालं, नोकरीही लागली. पदवीनंतर कामाची परवानगी मिळते एक वर्षाची, विज्ञान-तंत्रज्ञान शाखांना आणखी दोन. पुढे राहायचं तर एच-१बी हा नोकरीचा व्हिसा, आणि तो सोडतीवर मिळतो. त्याचा वार्षिक कोटा ६५ हजार, आणि अमेरिकेत पदव्युत्तर शिकलेल्यांसाठी वेगळे २० हजार. मार्च २०२३ च्या सोडतीत पात्र नोंदण्या साडेसात लाखांच्या वर होत्या. त्यातल्या निम्म्याहून अधिक एकाच माणसासाठी अनेक कंपन्यांनी केलेल्या होत्या, म्हणून पुढच्या वर्षी नियम बदलला. या मुलाचं नाव तिन्ही वर्षं निघालं नाही. ज्यांचं निघतं, त्यांच्यापुढे ग्रीन कार्डची, म्हणजे कायम राहायच्या परवान्याची, रांग असते. नोकरीच्या आधारावर वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार कार्डं, आणि त्यात कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना साधारण ७ टक्क्यांची मर्यादा. भारत मोठा असो की आइसलँड छोटा, टक्का तोच. त्यामुळे भारतीयांची रांग दशकांची झाली आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये तर अमेरिकेबाहेरून माणूस आणायच्या नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलरचं शुल्क आलं. भाचा तोवर बर्लिनला जाऊन दीड वर्ष झालं होतं, पण बातमी वाचून त्यानं पहिला फोन त्या जोडीदाराला केला.

जर्मनीचा हिशेब वेगळा आहे. तिथला ब्लू कार्ड, म्हणजे परदेशी पदवीधरांना मिळणारा कामाचा परवाना, सोडतीवर मिळत नाही. पदवी मान्य असली आणि पगार ठरलेल्या रकमेच्या वर असला की तो देतात. २०२४ मध्ये ही रक्कम सर्वसाधारण कामांना वर्षाला ४५,३०० युरो होती, संगणक क्षेत्रासारख्या टंचाईच्या कामांना ४१ हजारांच्या आसपास. नवऱ्याला किंवा बायकोला जर्मन येत नसलं तरी सोबत येता येतं, आणि काम करायची मुभा पहिल्या दिवसापासून. नोव्हेंबर २०२३ पासूनच्या नियमानं २७ महिने काम आणि पेन्शनची वर्गणी झाली की कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो. बी-१, म्हणजे मधल्या पातळीची, जर्मन येत असेल तर २१ महिन्यांत.

हे २१ महिने भाच्यानं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले. मी म्हणालो, अरे, अमेरिकेत पगार दुपटीनं आहे. तो म्हणाला, "मामा, पावसाची सोडत बघत मोठा झालो मी. आता नोकरीपण सोडतीवर नको."

मी गप्प झालो. मृग निघाला की उधारीच्या बियाण्यावर पेरायचं, आणि पेरलेलं उगवणार की दुबार पेरावं लागणार ते आभाळ बघत ठरायचं. पीक आलं तरी भावाची सोडत उरतेच. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि लातूरच्या आडतीवर त्याहून कितीतरी कमी भावानं पोती गेली. अशा घरातल्या मुलाला पगाराच्या आकड्यापेक्षा कायद्यात लिहिलेली तारीख मोठी वाटते. परदेशी जाण्याची कारणं सांगताना पगार, जीवनमान, संधी हे शब्द नेहमी येतात. या प्रकरणात सगळ्यात जास्त ओढ त्या तारखेची होती, असं माझं ठाम मत आहे.

पैशाचा हिशेब

तरी आकडे मांडतो, नाहीतर कोणाचा विश्वास बसणार नाही. पुण्यात त्याला त्याच वेळी १६ लाखांची ऑफर होती. हातात महिना १ लाख १० हजार, खर्च जाऊन ७५ हजार उरले असते. बर्लिनचा करार ६२ हजार युरोचा. अविवाहिताचा कर, आरोग्यविमा, पेन्शन, बेकारीविमा कापून हातात ३,२०० युरो. एका खोलीच्या घराला हीटिंगसकट १,०५० युरो भाडं. जेवणखाण, देशभर चालणारा, तेव्हा ४९ युरोचा असलेला प्रवासपास, फोन, वर्षातून एकदा गावी येण्याचं तिकीट हे सगळं धरून महिन्याला १,४०० युरो उरत. तेव्हाच्या दरानं सव्वा लाख रुपये.

म्हणजे फरक पन्नास हजारांचा. जाण्याआधी अनामत, तिकीट आणि पहिल्या महिन्याचा खर्च मिळून चार लाख गेले, ते वजा केले तर पहिलं जवळजवळ पाऊण वर्ष बरोबरीत गेलं. गावात मात्र 'पोरगं महिन्याला पावणेतीन लाख कमावतंय' एवढंच पोचलं.

एका शहरात अनेक दारं

१ मार्च २०२४ ला तो रुजू झाला. तेरा महिन्यांनी, ३१ मार्च २०२५ ला, मॅनेजरनं पंधरा मिनिटांची मीटिंग लावली आणि त्याची जागा कमी केल्याचं सांगितलं. तीन महिन्यांची नोटीस, ३० जून शेवटचा दिवस. ज्या तारखेसाठी गेला, तीच धोक्यात आली.

त्यानं घरी कळवलं नाही, मला कळवलं. मी दोन रात्री झोपलो नाही. नोकरी गेली की सामान बांधून परत, असंच माझ्या डोक्यात होतं. पण पुढच्या पाच आठवड्यांत जे घडलं, त्यातून तंत्रज्ञानाचं केंद्र म्हणजे काय हे मला वीस वर्षं शिकवूनही कळलं नव्हतं, ते कळलं.

तिथे पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणाऱ्यांचा महिन्यातून एकदा कट्टा भरतो. कोणीतरी आपल्या कामातली अडचण सांगतो, बाकीचे ऐकतात, मग पिझ्झा. भाचा तिथे पहिल्या हिवाळ्यापासून जायचा, आणि एकदा त्यानं स्वतःही बोलायचं धाडस केलं होतं. विषय तोच, पुण्यात असताना नाकारली गेलेली साठवणुकीची रचना. त्याची जागा गेल्याचं कट्ट्यावर कळलं, तेव्हा आठवड्याभरात चार ठिकाणांहून फोन आले. एका मुलाखतीत समोर बसलेली बाई तीच निघाली, जिनं त्याचं बोलणं झाल्यावर सगळ्यात अवघड प्रश्न विचारला होता. १ जुलैला तो नव्या कंपनीत गेला. घर तेच, स्टेशन तेच, फक्त उतरायचं तीन थांबे आधी. पेन्शनच्या वर्गणीत एका दिवसाचा खंड पडला नाही. ब्लू कार्डचं पहिलं वर्ष उलटल्यामुळे मालक बदलायला आडकाठीही नव्हती.

एका धंद्याची अनेक दारं एकाच गावात असणं मराठवाड्याला नवीन नाही, आपण ते ओळखत नाही एवढंच. जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको उभी केली आणि पुढे त्या गावात बियाण्याच्या कंपन्यांची रांगच लागली. बियाण्यातला जाणकार जालन्यात नोकरी सोडतो, तेव्हा घर बदलत नाही. वाळूजला १९८५ मध्ये बजाजचा कारखाना आला, त्याभोवती सुटे भाग करणारे लघुउद्योग उगवले, आणि डाय बनवणाऱ्या कारागिराला एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये जाणं सोपं झालं. कॅलिफोर्नियात हेच सॉफ्टवेअरच्या आधी चिपच्या धंद्यात झालं. १९५७ मध्ये शॉकलीची प्रयोगशाळा सोडून आठ जणांनी फेअरचाइल्ड काढली, तिथून बाहेर पडलेल्या दोघांनी १९६८ मध्ये इंटेल. 'आमच्याकडून गेल्यावर स्पर्धकाकडे जायचं नाही' हा करार त्या राज्यात १८७२ पासूनच्या कायद्यानं जवळजवळ निरर्थक आहे. माणसं फिरत राहिली, त्यांच्याबरोबर कसब फिरत राहिलं. बर्लिनला भिंत पडल्यावर रिकाम्या इमारती आणि स्वस्त भाडी होती. तिथे झालांडो ही कंपनी २००८ मध्ये निघाली, हॅलोफ्रेश आणि डिलिव्हरी हिरो या २०११ मध्ये. आता भाडी स्वस्त उरली नाहीत, पण दारं पुष्कळ आहेत.

लातुरात, नांदेडात सॉफ्टवेअरची कामं करणारी चांगली माणसं आहेत, काही माझेच विद्यार्थी आहेत. संभाजीनगरला चिकलठाण्यात सॉफ्टवेअर पार्क आहे. पण ज्या गावात आपल्या कामाचं एकच दार असतं, तिथे ते बंद झालं की रात्रीची पुण्याची ट्रॅव्हल्स धरावी लागते. एखादी मोठी कंपनी मराठवाड्यात आणा, अशी मागणी नेहमी होते. मला वाटतं एकाच धंद्यातल्या वीस छोट्या कंपन्या एका रस्त्यावर आल्या तर जास्त पोरं थांबतील.

त्याची किंमत

बर्लिनमध्ये डिसेंबरात सूर्य सव्वाआठला उगवतो आणि चारच्या आत मावळतो. पहिल्या हिवाळ्यात भाचा दिवसभर ऑफिसात असायचा आणि ऊन फक्त शनिवार-रविवारी दिसायचं, तेही आभाळ मोकळं असेल तर. जर्मनची ए-१, म्हणजे सगळ्यात पहिल्या पातळीची, परीक्षा त्यानं पुण्यात शनिवार-रविवार वर्ग करून दिली होती, बी-१ साठी तिथल्या प्रौढशिक्षण केंद्रात आठवड्यातून दोन संध्याकाळी जायचा. भाषा ऑफिसात लागत नाही, तिथे सगळे इंग्रजी बोलतात. ती लागते घरमालकाशी, डॉक्टरशी आणि सरकारी पत्राशी.

सोयरिकीची बोलणी दोनदा पुढे सरकून थांबली. पूर्वी मुलीकडचे शेती किती विचारायचे, नंतर पुण्यात फ्लॅट आहे का विचारायला लागले, आता विचारतात, 'परत येणार का?' त्याचं उत्तर त्याच्याकडे तयार नाही आणि खोटं तो बोलत नाही.

सगळ्यात अवघड दिवस सप्टेंबर २०२५ चे. त्या महिन्यात मराठवाड्यात असा पाऊस झाला की तेरणा, मांजरा पात्र सोडून शेतात शिरल्या. दाजींचं काढणीला आलेलं सोयाबीन चार दिवस पाण्याखाली होतं. पाणी ओसरलं तेव्हा शेंगांना कोंब फुटलेले. भाच्यानं त्याच रात्री पैसे पाठवले, एक लाख, न मागता. तलाठी पंचनाम्याला आला, तेव्हा गुडघाभर चिखलात दाजींच्या शेजारी मी उभा होतो. भाचा फोनवर म्हणाला, "मामा, व्हिडिओ लावा, बांधावर धरा, मला बघू द्या." मी मोबाइल वर केला. दाजींनी हात पुढे करून तो खाली केला आणि म्हणाले, "नको. तिथं एकटाय त्यो."

त्यानंतर महिनाभर भाचा रोज फोन करत होता. एकदा म्हणाला, परत येऊ का? मी 'नको' म्हणालो. ते बरोबर केलं की चूक, याचा विचार अजून मनातून जात नाही. त्या दिवशी तो बांधावर असता तरी कोंब फुटलेलं सोयाबीन वाचलं नसतं. पण दाजींच्या खांद्यावर हात त्याचा असता.

आज

नोव्हेंबर २०२५ अखेर २१ महिने पूर्ण झाले. बी-१ चा निकाल आधीच आला होता. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यानं कायम वास्तव्याचा अर्ज भरला. बर्लिनचं परदेशी नागरिकांचं कार्यालय संथ आहे, भेटीची तारीख अजून यायची आहे. पत्र आलं की काय करणार, असं विचारलं तर तो म्हणतो, परवाना हातात घेऊन आधी दोन महिने गावात राहायचं आणि सांगितल्या वेळी परत जायचं. नोकरीच्या भीतीनं रजा मोजायची नाही.

अक्काचा पासपोर्ट आला आहे. उन्हाळ्यात तिला आणि दाजींना तो बर्लिनला नेणार आहे. अक्कानं येसर आणि कडक भाकरीचं वजन करून पाहिलं, विमानात न्यायच्या तेवीस किलोत किती बसतं ते. दाजींना मी विचारलं, जाणार ना? ते म्हणाले, "तुरीची रास झाल्यावर बघू."